एम.एस्सी. आधी की रात्रपाळी आधी?

मागच्या अंकात माझ्या कामाबद्दल दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रांचा ढीग आला. ज्यांना नीट श्वास घेता येत नाही त्यांना ऑक्सिजन द्यायचा, व्हेंटिलेटर लावायचा, हे आमचं काम. इंग्रजीत आम्हाला रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणतात, आयसीयूत नुसतं आर.टी., आणि आमच्या गुहागरला ‘ती ऑक्सिजनवाली’. निम्मी पत्रं ‘आईचा दमा बरा होईल का’ अशी आहेत. ती मी डॉक्टरांकडे पाठवली, तो माझा प्रांत नव्हे. उरलेल्यांपैकी शिक्षणाबद्दलची चार या वेळी घेते. पत्रं लांबलचक होती, कात्री मी लावली आहे.

प्रश्न : मी राजापूरची. बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपी केलं, इंटर्नशिप नुकतीच संपली. रत्नागिरीला एका खासगी आयसीयूत नोकरी मिळतेय, पगार बेताचाच आहे. वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी एम.एस्सी.चे फॉर्म भरतायत. आई म्हणते, आत्ताच शिकून घे, एकदा पगाराची चटक लागली की पुस्तक हातात धरणार नाहीस. काय करू?

आईचं खोटं नाही. माझ्या बॅचच्या तिघीजणी ‘एक वर्ष नोकरी करू, मग बघू’ म्हणत राहिल्या, त्या अजून बघतच आहेत. तरी तुला सांगते, नोकरी धर. दीड-दोन वर्षं कर, आणि त्यातल्या जितक्या रात्रपाळ्या मिळतील तितक्या घे.

असं का सांगते, त्यासाठी माझी एक फजिती ऐक.

बी.एस्सी. झाल्या झाल्या मी एका रुग्णालयात लागले होते. नाव सांगत नाही. पावसाळ्यात एक मासे विकणारी मावशी आली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, ऑक्सिजन घसरलेला, रात्री अकराला श्वासनलिकेत नळी टाकली. व्हेंटिलेटर लावायचं काम माझ्याकडे. लेकाला विचारलं, वजन किती? म्हणाला, बहात्तर. मी सहाने गुणलं आणि टायडल व्हॉल्यूम, म्हणजे यंत्राने एका श्वासाला आत सोडायची हवा, ४३० मिली लावून मोकळी झाले. किलोला सहा मिली हे मला तोंडपाठ होतं, परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं.

पहाटे भूल विभागाचे सर आले. मॉनिटरकडे बघितलंच नाही. आधी मावशीच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हिची उंची किती?” मी म्हटलं, “सर, वजन बहात्तर आहे.” “मी उंची विचारली.” वॉर्डात मोजपट्टी नव्हती. शेवटी आयाबाईंनी आपल्या पिशवीतून ब्लाउज शिवायची टेप काढून दिली. टाळूपासून टाचेपर्यंत धरली, दीडशे सेंटिमीटर. मग सरांनी केसपेपरच्या पाठीवर हिशेब मांडला. बाईसाठी ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (उंची वजा १५२.४). उत्तर आलं ४३.३ किलो. सहाने गुणलं की २६० मिली. मी ४३० देत होते, म्हणजे किलोला जवळजवळ दहा. श्वास क्षणभर रोखून प्लॅटो प्रेशर, म्हणजे फुप्फुसांवर पडणारा दाब, बघितलं तर ३४. ते तिसाच्या आत हवं.

माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं जाड होत नाहीत. ती उंचीवर जातात, आणि बाई की पुरुष यावर. पाच मार्कांच्या उत्तरात ‘प्रेडिक्टेड बॉडी वेट’, म्हणजे उंचीवरून काढलेलं वजन, हे तीन शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिले होते. रात्री अकरा वाजता ते माझ्या कामी आले नाहीत. व्हॉल्यूम पायरीपायरीने खाली आणला, श्वासांचा वेग वाढवला, रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा चढला तो चढू दिला. मावशी वाचली. माझ्यामुळे नव्हे. तेव्हापासून माझ्या एप्रनच्या खिशात टेप असते. आत्ताची चौथी, तीन कोणीतरी ढापल्या.

पुढे मी मणिपालला एम.एस्सी.ला गेले आणि पहिल्याच सत्रात जर्नल क्लबला माझ्या वाट्याला कोणता पेपर यावा? तोच. सन २०००चा, अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कचा. एआरडीएस म्हणजे फुप्फुसं सुजून पाण्याने भरतात तो आजार. ८६१ रुग्ण, निम्म्यांना किलोला बारा मिली, निम्म्यांना सहा. बारावाल्यांत ३९.८ टक्के दगावले, सहावाल्यांत ३१. वर्गातल्या बाकीच्यांना तो तक्ता होता. मला त्यात मावशीच्या टाचा दिसत होत्या. पुढचे प्रश्न त्यामुळेच सुचले. हे वजनाचं सूत्र आलं कुठून? शोधत गेले तर त्याचं मूळ १९७४ सालच्या एका लेखात. जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा डोस ठरवायला केलेलं सूत्र, फुप्फुसाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आणि ते सुरू होतं पाच फुटांपासून, पाच फुटांवर प्रत्येक इंचाला २.३ किलो. १५२.४ म्हणजे पाच फूटच की. मग आमच्या किनाऱ्यावरच्या पाच फुटांखालच्या बायकांचं काय? सूत्र तिथे उलटं, खालच्या दिशेने ताणायचं. ते किती बरोबर पडतं, हे विचारायला दोन वर्षं मिळतात, त्याचं नाव एम.एस्सी. पण प्रश्न तू घरून घेऊन जायला हवास. तिथे कोणी वाटत नाही.

लहान गावातल्या नोकरीत आणखी एक शिकायला मिळतं. मोठ्या कॉलेजात ऑक्सिजन भिंतीतून येतो. रत्नागिरीहून कोल्हापूरला पेशंट हलवायचा झाला की तो सिलिंडरातून येतो, आणि संपतो. अॅम्ब्युलन्सचा बी-टाइप सिलिंडर दहा लिटर पाण्याच्या मापाचा. दाबाचा काटा दीडशे बारवर असेल तर आत दीड हजार लिटर. मिनिटाला दहा लिटरने अडीच तास. रस्ता सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, साखरपा सोडलं की आंबा घाट, पावसात साडेतीन तास सहज. आणि काटा शंभरावर असताना “आहे की अजून भरपूर” म्हणणारा ड्रायव्हर भेटला, तर घाट चढेपर्यंत शंभर मिनिटं झालेली असतात. हा गुणाकार मी एम.एस्सी.च्या कुठल्याही पुस्तकात शिकले नाही. आता मी मुलांच्या मुलाखती घेते तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते. निम्मी मुलं मोबाईल शोधतात.

आता आईसाठी. नोकरीवर रुजू होताना घरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेव, दोन वर्षांनंतरच्या जूनची, आणि आईलाच सांग आठवण करायला. पगारातून फीसाठी वेगळं खातं उघड.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, वेबसाइटवरचे फोटो तर नाहीच. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला चहाला घेऊन जा आणि विचार, सकाळच्या राउंडला आर.टी. बोलतो की फाइल धरून मागे उभा राहतो? शिकवणारे स्वतः या विषयात एम.एस्सी. झालेले आहेत, की वेळ मिळाला तर भूलतज्ज्ञ येऊन जातात? बाळांचा आयसीयू आहे का? आठशे ग्रॅमच्या बाळाला सीपॅप, म्हणजे नाकातून सतत दाबाने हवा देणारं यंत्र, लावायला शिकली नाहीस, तर अर्धा विषय राहिला. स्टायपेंड मिळतो का आणि वेळेवर मिळतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचार. मणिपालला आणि कोचीच्या अमृतामध्ये पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही आहेत, दोन्ही आपल्याच किनाऱ्याच्या रेल्वेवर. मत्स्यगंधाने रत्नागिरीला बसलीस की उडुपीला उतरायचं, गाडी बदलायची गरज नाही. आई भेटायला येऊ शकेल. मला ही गोष्ट तेव्हा फार मोठी वाटली होती.

प्रश्न : मी देवगडचा, आंब्याची कलमं आहेत. मुलगी बारावी सायन्स झाली, नीटला मार्क कमी पडले. ती हा कोर्स करायचा म्हणते. शेजारी म्हणतात, चार वर्षं घालवून कंपाउंडर होणार. पुढे एम.एस्सी. वगैरे असतं म्हणे. याला सरकारी मान्यता आहे का? आणि कोकणात काम मिळेल का?

काका, मान्यतेचं आधी. २०२१ साली संसदेत संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत आमचं काम आहे. ज्याला कायदा हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणतो, त्याची पदवी कमीत कमी ३,६०० तासांची हवी, तीन ते सहा वर्षांत पसरलेली. सहा महिन्यांचं ‘आयसीयू टेक्निशियन’ सर्टिफिकेट देणारी जी पत्रकं तालुक्याच्या एसटी स्टँडवर वाटतात, ती याच्यात बसत नाहीत. ऍडमिशन घेण्याआधी कॉलेजला तासांचा आकडा लेखी मागा. तोंडी सांगतील, तोंडी घेऊ नका.

कंपाउंडरचं म्हणाल तर शेजाऱ्यांना १९५२ सालची कोपनहेगनची गोष्ट सांगा. पोलिओची साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसं रोज येत होती आणि यंत्रं होती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला भोक पाडून नळी टाकली आणि ती हवेच्या पिशवीला जोडली. पिशवी दाबायला सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने बसले, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. आजचे आयसीयू तिथून सुरू झाले. दाबणारा हात कधी हलका करायचा, कधी जोर द्यायचा, हे जाणणाऱ्या माणसाचं काम आम्ही करतो. आता पिशवीच्या जागी लाखोंचं यंत्र असतं इतकंच, आणि तेही कोणीतरी समजून लावावं लागतं.

कोकणात कामाचं मात्र खरं सांगते. काम भरपूर आहे, पद नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग, तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेजं झाली. डेरवणचं खासगी कॉलेज आधीपासून आहेच. व्हेंटिलेटर कोविडनंतर तालुक्याला पोचले. पण बऱ्याच ठिकाणी आमच्या मुलींना ‘टेक्निशियन’ म्हणून घेतात आणि एम.एस्सी. झालेलीला तोच पगार टेकवतात. म्हणून पहिली चार-पाच वर्षं मुंबई, पुणे, नाहीतर बंगळूर धरून चाला. मी स्वतः अकरा वर्षांनी परत आले. तुमच्या कलमांनाही फळ धरायला वर्षं लागली असतीलच, हा दाखला देणार होते, पण तुम्हाला तो रोज कोणी ना कोणी देत असेल.

मुलीला एकदा आयसीयूच्या दारात तासभर उभी करा. कफ ओढताना होणारा आवाज ऐकून जिला मळमळलं तरी दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटलं, तिला घालायला हरकत नाही.

प्रश्न : मी चिपळूणचा, एम.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. मे महिन्यापर्यंत प्रबंधाचा विषय द्यायचाय. सीनियर म्हणतात, नर्सेसमध्ये नेब्युलायझरबद्दलची जाणीव, असं काहीतरी घे, शंभर फॉर्म भरून घेतले की झालं. तुम्ही काय सुचवाल?

शंभर फॉर्म भरून घेतले की डिग्री होते, हे अगदी खरं आहे. असे प्रबंध मी परीक्षक म्हणून वाचले आहेत. निष्कर्ष नेहमी एकच, ‘जाणीव कमी आहे, प्रशिक्षणाची गरज आहे’. हे फॉर्म भरून घेण्याआधीसुद्धा ठाऊक होतं रे.

तू चिपळूणचा आहेस. जरा उत्तरेला बघ. तिथे महाड. तिथे डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर जे केलं ते तुला ठाऊक असायलाच हवं. रायगडात लाल विंचू चावून माणसं, पोरं फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. विषाने अंगात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हृदय ढेपाळतं, फुप्फुसं भरतात. त्यांनी प्राझोसिन, म्हणजे रक्तदाबाची एक साधी गोळी वापरून बघितली, नोंदी ठेवल्या आणि ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणल्या. २०२२ साली पद्मश्री मिळाली. प्रयोगशाळा कुठली? खेडेगावातली खाट. विषय त्यांना गावानेच दिला होता.

तुझ्या गावाने तुला मण्यार दिली आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दाताची खूण दिसत नाही, सकाळी पापण्या जड, गिळता येत नाही, दुपारपर्यंत श्वास उथळ. फुरसं चावलं की सूज येते, रक्त वाहतं, घरचे धावतात. मण्यारीत “पोट दुखतंय” म्हणून माणूस बसून राहतो. नळी टाकून वेळेत यंत्रावर घेतला तर बहुतेक वाचतो, काही दिवसांनी चालत घरी जातो. आणि हे तुला कोणत्याही वर्गात सांगणार नाहीत, म्हणून इथे लिहिते. तो पूर्ण शुद्धीत असतो. पापणी उघडत नाही, बोट हलत नाही, पण ऐकू येतं. आमच्याकडे संगमेश्वरचा एक मुलगा चार दिवस तसा पडला होता. उठल्यावर त्याने मामीला पहिली गोष्ट कोणती विचारली असेल, तर “माझी मोटारसायकल कोणाला देत होतीस?” तेव्हापासून मी अशा पेशंटची पापणी बोटाने उचलते, समोर उभी राहते, नाव सांगते आणि किती वाजले ते सांगते.

आता विषय. मण्यारीच्या पेशंटला नळी कधी टाकायची आणि कधी काढायची, हे ठरवायला आपण दोन साध्या चाचण्या करतो. मान उशीवरून उचलून पाच सेकंद धरता येते का, आणि एका श्वासात किती अंक मोजता येतात. धडधाकट माणूस चाळीस-पन्नासपर्यंत जातो. विसाच्या आत आला की आमचे कान टवकारतात. पण ही मोजणी सेकंदाला दोन अंक या वेगाने धरलेली आहे. आता तू मराठीत मोजून बघ. एक, दोन, तीन ठीक. एकोणतीस? अठ्ठावीस? सदतीस? ‘एकोणचाळीस’ म्हणायला किती तोंड हलतं! शिवाय आमच्या म्हाताऱ्या बायका वीसच्या पुढे जातच नाहीत, “वीसावर एक, वीसावर दोन” करतात. आणि एक आजोबा तर, “माका येवढे आकडे येनत नाय गो बाये,” म्हणाले आणि थांबले. श्वास भरपूर होता, आकडे नव्हते. मग मराठीतल्या मोजणीला तोच वीसचा उंबरठा लावायचा का? की फक्त एक ते दहा पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचं, मेट्रोनोमच्या ठोक्यावर? आधी धडधाकट माणसांत दोन्ही तऱ्हा करून घे, त्याच वेळी स्पायरोमीटरवर, म्हणजे श्वास मोजायच्या यंत्रावर, फुंकायला लाव, आकडे ताडून बघ. खर्च जवळजवळ शून्य. एथिक्स कमिटी हरकत घेणार नाही. पुढे पेशंटवर उपचार बदलून बघायचा विचार आलाच तर सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, आधी नोंदणी, मग पहिला पेशंट. हा क्रम उलटा केलास तर कोणी छापणार नाही.

गाइडने नाक मुरडलं तर माझं नाव सांगू नकोस. चाचणी त्यांच्यावरच करून दाखव.

प्रश्न : एम.एस्सी. केल्यावर अमेरिकेत किंवा दुबईत नोकरी मिळते का? – सावंतवाडी

अमेरिकेत थेट नाही. तिथे आर.आर.टी., म्हणजे रजिस्टर्ड रेस्पिरेटरी थेरपिस्ट, हा दर्जा परीक्षेने मिळतो आणि त्या परीक्षेला बसायला कोआर्क या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम लागतो. इथली एम.एस्सी. कितीही चांगली असली तरी तिथे पुन्हा शिकावं लागतं. तिथे अजून दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवरही लोक काम करतात, पण २०१८पासून नव्या अभ्यासक्रमाला मान्यता हवी तर तो बॅचलरचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. ‘अॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस’ नावाची मास्टर्सची वेगळी पायरीही निघाली आहे. तुम्ही इथे एम.एस्सी. करणार असाल तर ती इथल्या कामासाठी करा.

आखात सोपं आहे. तिथे परवान्याची परीक्षा आहे आणि त्याआधी डेटाफ्लो नावाची कागदांची तपासणी. अनुभवाचा दाखला मागतात, म्हणजे पुन्हा राजापूरच्या मुलीला सांगितलं तेच, आधी नोकरी. परीक्षेपेक्षा कागदांत लोक जास्त अडकतात. कॉलेज सोडतानाच प्रत्येक वर्षाचं ट्रान्सक्रिप्ट, इंटर्नशिपचं तासांसह प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रमाची प्रत, सगळ्यावर सही-शिक्का, प्रत्येकी तीन प्रती घ्या. माझ्या मैत्रिणीने एकच शिक्का राहिला म्हणून दोनदा रेल्वेने रात्र काढली. पहिल्या खेपेला शिक्का होता, मारणारे रजेवर होते. दुसऱ्या खेपेला ते होते, शिक्क्याची शाई वाळली होती.